‘ताई, पहिला ट्रेक कुठला करू?’

गणपती गेले, पाऊस ओसरला, पठारांवर सोनकी पिवळी झाली, की या सदराकडे पत्रांचा ओघ लागतो. या महिन्यात बहुतेक पत्रं पहिल्यांदाच डोंगर चढू पाहणाऱ्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. उत्तरं देताना मी बोलते तशीच लिहिते, तेव्हा एखाद्याला फटकारलं असं वाटलं तर वाटू दे.

प्रश्न : ऑफिसातले आम्ही सहा जण येत्या शनिवारी नाशिककडच्या हरिहर किल्ल्यावर निघालोय. रीलमध्ये लोक त्या पायऱ्या भराभर चढताना दिसतात. मी सिंहगडावर गेलोय, पण गाडीनं. जमेल का? (वय २६, हिंजवडी)

चढायला जमेल रे. मला काळजी उतरण्याची आहे, आणि रीलमध्ये नेमकं तेच नसतं.

हरिहरच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, जवळजवळ उभ्या. दोन्ही बाजूंना हातांसाठी खोबण्या आहेत. चढताना तोंड कातळाकडे, नजर वर, त्यामुळे खालचं काही दिसत नाही आणि माणूस खुशीत वर पोचतो. उतरतानाही तोंड कातळाकडेच ठेवायचं असतं. म्हणजे एक पाय हवेत सोडायचा आणि पायरी लागेपर्यंत चाचपडायचं. ती लागेपर्यंत हातांवर सगळा भार. नवख्या माणसाची पोटरी इथंच थरथरायला लागते. तुम्ही जाणार शनिवारी. वाट एकच, खालून चढणारे आणि वरून उतरणारे समोरासमोर, आणि मध्येच कुणीतरी फोटोला थांबलेलं. खोबणीत बोटं अडकवून बराच वेळ तसंच उभं राहावं लागलं तर राहाल का, हा खरा प्रश्न. शिवाय या पायऱ्या संपल्या म्हणजे गड आला असंही नाही. दरवाजातून पुढं कड्याच्या पोटातून वाकून जायची वाट आहे, आणि मग पुन्हा पायऱ्या. १८१८ साली इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले तेव्हा बऱ्याच ठिकाणच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगानं उडवल्या, हरिहरच्या मात्र वाचल्या. तेव्हा दोन महिन्यांनी गेलास तरी त्या तिथंच असतील.

त्याऐवजी असं कर. येत्या रविवारी लोहगड. पुणे–लोणावळा लोकलनं मळवली, तिथून चालत भाजे गाव. भाजे लेणी वाटेतच आहेत, बघून घ्या. पुढं गायमुख खिंड, डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगडवाडीपासून वर चांगल्या बांधीव पायऱ्या आणि एकामागून एक चार दरवाजे. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांबट माचीच्या टोकापर्यंत, जाऊन या. मग सोमवारी ऑफिसचा जिना उतरून बघ. कठडा धरावा लागला, तर मांड्या अजून तयार नाहीत एवढं समजायचं. अजून दोन आठवडे थांबायचं, रोज जिने चढायचे आणि मुख्य म्हणजे उतरायचे.

त्यानंतर सिंहगड, पण पायी. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला जाते, आतकरवाडीतून पायवाट चढते. सकाळी तिथं सत्तरीतले आजोबा तुला मागं टाकून जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ते रोज येतात. ही वाट न थांबता, न धापता चढता आली की राजगड. पहिल्या वेळी पाली दरवाजानं जा, रुंद वाट आहे. गुंजवण्याकडून चोर दरवाजानं चढायचं ते दुसऱ्या वेळी. राजगड झाला आणि मांड्या कुरकुरल्या नाहीत, की हरिहरला जा. शक्यतो मधल्या वारी, सुट्टी टाकून, आणि सकाळी लवकर.

आणखी एक. सहाही जणांनी निघण्यापूर्वी मागं फिरायची वेळ ठरवा. समजा बारा. बारा वाजता जिथं असाल तिथून परत. ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणणारा प्रत्येक कंपूत एक असतो. तो कोण आहे हे तुला आत्ताच माहीत असेल.

प्रश्न : मी ५४ वर्षांची. गुडघे चढताना ठीक असतात, उतरताना बोलतात. मुलगा म्हणतो, ‘आई, आता कशाला?’ मैत्रिणी कळसूबाईला निघाल्यात. जाऊ का? (सातारा)

मुलाला सांगा, आत्ताच. पण या महिन्यात नको.

आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि ते सांगतील ते ऐका. नुसता दुखत असेल तर बऱ्याचदा दोष मांडीच्या स्नायूंचा असतो. उतरताना शरीराचं वजन दर पावलाला झेलायचं काम मांडीचं. ती कमजोर असली की सगळं गुडघ्यावर येतं. घरात खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, बसताना मनात पाच आकडे मोजायचे. धपकन बसलात तर ते धरायचं नाही.

तुम्ही साताऱ्याच्या, म्हणजे नशीबवान. अजिंक्यतारा दाराशी आहे. आठवड्यातून तीनदा चालत चढा. गाडीरस्ता आहे त्यामुळे फारच दुखलं तर परतीची सोय आहे. महिन्याभरानं जरंड्याला जा, मारुतीचं दर्शनही होईल.

उतरायचं कसं, ते सविस्तर सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. पावलं लहान टाका, अगदी कंटाळा येईल इतकी लहान. गुडघा कधीही ताठ ठेवून पाय टेकायचा नाही, किंचित वाकलेला हवा. मोठी पायरी आली तर आडवं व्हा आणि कुशीनं उतरा. घसाऱ्यावर, म्हणजे सुटा मुरूम असतो तिथं, माणूस भीतीनं मागं रेलतो, आणि मागं रेललं की टाच सटकते. वजन पुढं, पावलांच्या वर ठेवा, पूर्ण तळवा टेकवा. हातात काठी हवीच, जमल्यास दोन. विकतच्या काठीची लांबी चढताना कमी आणि उतरताना थोडी जास्त करायची. काठी आधी खाली टेकवायची, मग पाय. काठी धरायला लाजू नका. वारीतली माणसं काठी घेऊन चालतात तेव्हा कुणी हसत नाही.

आता कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे हौस सगळ्यांनाच असते. बारी गावातून वाट आहे. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, त्यामुळे भीती कमी, पण चढ लांबलचक आहे आणि तेवढंच उतरायचंही आहे. नवरात्रात जाऊ नका, जत्रा असते, शिड्यांवर रांगा लागतात. डिसेंबरात जा. वाटेत गावातल्या बायका ताक-सरबत घेऊन बसतात, दर ठिकाणी थांबा. ताकही प्यायचं आणि गुडघ्यालाही विसावा. मैत्रिणी पुढं गेल्या तर जाऊ देत, पण एकीला तुमच्याबरोबर राहायला सांगा.

प्रश्न : कॉलेजात आहे, बजेट तीन हजार. काय काय घेऊ? (नाशिक)

अर्ध्याहून जास्त पैसे बुटांवर घाल, उरलेले वाचव. तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. दुकानात बूट घातलास की पुढं सरकून बघ, बोटं टोकाला टेकली तर अर्धा नंबर मोठा घे, नाहीतर उतरताना नखं काळी पडतील. आमच्या पिढीनं ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर अर्धा सह्याद्री पालथा घातला, तेव्हा महागडं नाव नसलं तरी चालतं. नवे बूट आठवडाभर कॉलेजात घालून मग पांडवलेण्याला जा, नंतर रामशेज. थेट लांबच्या गडावर नव्या बुटांनी जाऊ नकोस.

मोठ्या भावाचे जुने बूट माळ्यावर पडलेत असंही तू लिहिलंयस. ते नीट तपास. बूट न वापरता नुसते ठेवले तरी तळ आणि बूट यांच्यामधला फोमचा थर दमट हवेत आतून कुजतो. वरून अगदी नवा दिसतो. टाच हातात धरून तळ जोरात वाकव, अंगठ्यानं कडेचा फोम दाब. भुगा पडला किंवा चीर दिसली की फेकून दे. असा तळ उलगडतो तो नेमका उतरताना, अर्ध्या वाटेवर. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत सुतळी आणि चिकटपट्टी का असते ते तेव्हा कळतं. ती दोन्ही तूही ठेव, वीस-तीस रुपयांचं काम.

जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. शाळेची जुनी ट्रॅकपँट चालेल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, डोक्यावर बांधायचा टॉर्च, शिट्टी. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही लागतो, उशीर सांगून होत नाही. पाणी तीन लीटर, साध्या बाटल्यांत, आणि मीठ-साखर-लिंबाची सोय. गडावरच्या टाक्यांत पाणी असतं पण पिण्याजोगं कुठलं, ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय तोंडाला लावू नकोस. खायला घरची पोळी-चटणी, गूळ-शेंगदाणे. चिप्सनं तहान वाढते.

प्रश्न : पाळीच्या तारखा आणि ट्रेक एकाच वेळी आले तर? हे विचारायला कुणी नाही. (नाव-गाव नको म्हणून कळवलं आहे)

बरं केलंस विचारलंस. या विषयावर तुझं एकटीचं पत्र नाही.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोट-कंबर खूप दुखत असेल तर जाऊ नकोस, त्यात हार वगैरे काही नाही. एरवी जायला हरकत नाही. मेन्स्ट्रुअल कप वापरायची सवय असेल तर तो सोयीचा, पण पहिल्यांदा वापरायचा प्रयोग डोंगरावर करायचा नसतो, आधी दोन-तीन महिने घरी. पॅड वापरणार असशील तर ते वर कुठंही टाकायचं नाही, पुरायचंही नाही, जनावरं उकरून काढतात. वर्तमानपत्रात गुंडाळ, काळ्या पिशवीत घाल, ती पिशवी झिप असलेल्या दुसऱ्या पिशवीत, आणि घरी परत आण. एक जास्तीची पँट, ओले रुमाल, आणि डॉक्टरांनी दिलेली नेहमीची गोळी ठेव. आडोशाला जाताना एकटी लांब जाऊ नकोस, मैत्रीण पाठमोरी उभी राहू दे. पाण्याचं टाकं किंवा ओढा यांपासून शंभर पावलं तरी दूर.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पाळी असो-नसो, सगळ्या मुलींना सांगते: लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं नाही. मी कितीतरी मुली बघितल्यात, सकाळपासून दोन घोट. दुपारी डोकं धरतात, मळमळतं, आणि मग ‘हिला झेपत नाही’ असं सगळे म्हणतात. झेपत असतं, पोटात पाणी नसतं. लीडर पुरुष असला तर त्याला सरळ सांगायचं, ‘पाच मिनिटं थांबा, तुम्ही पुढच्या वळणावर जा.’ चांगल्या लीडरला पुढचं काही विचारायची गरज पडत नाही. वर देऊळ असेल तर आत जायचं की नाही हे तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही.

प्रश्न : मुलगी वीस वर्षांची. इन्स्टाग्रामवरच्या एका ग्रुपबरोबर रात्रीच्या ट्रेकला जायचं म्हणते. नाही म्हटलं तर रुसते, हो म्हणायला धीर होत नाही. (एक आई, कल्याण)

नाही म्हणू नका, पुढच्या वेळी न सांगता जाईल. तिलाच फोन हातात द्या आणि समोर बसवून ग्रुपवाल्यांना विचारायला लावा. किती जण येणार आणि लीडर किती? पन्नास मुलांमागं दोन लीडर म्हणाले तर बोलणं तिथंच थांबवा. सगळ्यात पुढं एक आणि सगळ्यात शेवटी एक, हे तर हवंच. शेवटच्या मुलाच्या मागं चालणारा माणूस कोण, त्याचं नाव काय, हे विचारा. प्रथमोपचाराचं शिक्षण कुणाचं झालंय? गावातला वाटाड्या घेणार का? पाऊस आला तर काय? ‘पाऊस आला तर मज्जा’ असं उत्तर आलं तर काय करायचं ते तुम्हालाच कळेल. राज्य सरकारनं साहसी पर्यटनासाठी २०२१ साली धोरण आणलंय, त्यात अशा आयोजकांना नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का विचारा. आवाज चढवला किंवा ‘काकू, आम्ही खूप ट्रेक केलेत’ म्हणाले, तर ते उत्तर नव्हे.

रात्रीच्या ट्रेकबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिला ट्रेक रात्रीचा नको. अंधारात खोली दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही, आणि पाय कुठं पडतोय तेही दिसत नाही. झोप नाही, त्यात सकाळी सूर्योदयानंतर थकलेल्या पायांनी उतरायचं. शिवाय बसचा ड्रायव्हरही रात्रभर जागाच असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ‘पहिले दोन ट्रेक दिवसाचे, मग बघू’ असं सांगा. मुलं ‘बघू’वर खूश होतात.

जाईल तेव्हा एक कागद घरी ठेवून घ्या: गड, पायथ्याचं गाव, कुठल्या वाटेनं चढणार आणि कुठल्या वाटेनं उतरणार, दोन लीडरांचे नंबर, परत येण्याची वेळ. घाटमाथ्यावर फोन लागत नाही, म्हणून दर तासाला फोनची अपेक्षा ठेवू नका. ‘रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर मी ग्रुपवाल्यांना करणार, दहापर्यंत नाही तर ११२ ला’ असं तिलाही सांगून ठेवा. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, ठिकठिकाणचे गिर्यारोहक त्यातून मदतीला धावतात. त्यांचा नंबर मुलीच्या फोनमध्ये असू दे. पहिल्यांदा मात्र पायथ्याच्या गावातलाच माणूस पोचतो, म्हणून गावातल्या एकाचा तरी नंबर घ्यायला सांगा.

प्रश्न : वाट चुकली तर ओढ्याच्या कडेनं खाली उतरत जायचं, गाव लागतंच, असं ऐकलंय. खरं का? (बदलापूर)

सह्याद्रीत हा सल्ला जीव घेईल. आपल्याकडचे ओढे घाटमाथ्यावरून कोकणात सरळ कड्यावरून पडतात. नाळेनं, म्हणजे ओढ्याच्या अरुंद घळीतून, उतरत जाल, एक छोटा टप्पा उडी मारून उतराल, दुसरा उतराल, आणि तिसऱ्याला पुढं काहीच नसेल. तोवर वरचे दोन टप्पे परत चढताही येणार नाहीत.

वाट चुकल्याचं लक्षात आलं की थांबा. शेवटची खात्रीची खूण कुठली होती? दगडांची लगोर, रंगानं काढलेला बाण, मळलेली वाट? तिथवर मागं या. पुढं जाऊन वाट सापडत नाही. कारवीच्या रानात ढोरवाटा फार फसवतात, सुरुवातीला रुंद असतात आणि मग झुडपात विरून जातात. डोक्याच्या उंचीच्या फांद्या अंगावर यायला लागल्या की समजायचं, इथून माणसं जात नाहीत, गुरं जातात. अंधार पडला तर चालू नका. कड्यापासून लांब सपाट जागा बघा, एकत्र बसा, शिट्टी वाजवा, फोनची बॅटरी वाचवा. नकाशा निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवलेला असावा, तो रेंजशिवाय चालतो.

प्रश्न : गडावर स्पीकर लावला तर काही लोक भांडायला येतात. आमची मजा आम्ही करायची नाही का? (मुंबई)

त्या भांडणाऱ्यांत मीही असते.

कानात घालून ऐका ना. तुमच्या माहितीसाठी, आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. धूर, दगड, उग्र अत्तर, गोंगाट, कशानंही ती उठतात आणि मग ज्यानं उठवली त्यालाच चावतात असं नाही, मागून येणारी शाळेची सहलही सापडते. मोहोळ उठलंच तर हात झटकत उभे राहू नका. डोकं-चेहरा कापडात झाका आणि लांब पळा. पळताना कड्याची बाजू कुठली तेवढं भान ठेवा. खूप डंख झाले किंवा ओठ-घसा सुजायला लागला, तर १०८ ला फोन आणि दवाखाना, चुना लावत बसायचं नाही.

प्रश्न : गडावरचा कुत्रा आमच्याबरोबर पार स्टेशनपर्यंत आला. काय करायला हवं होतं? (पनवेल)

गडावरची कुत्री वाटाड्यासारखी पुढं चालतात, खरं आहे. पण बिस्किटं पायथ्यापर्यंत देत राहिलात तर ती येणारच. गावाच्या वेशीबाहेर दुसऱ्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात, त्या फाडतात. पुढच्या वेळी पायथ्याला चहाच्या टपरीवाल्याला सांगा, तो त्याला नावानं ओळखतो, हाक मारून थांबवेल. तोवर खाऊ बंद. आणि आला त्याची चौकशी करायची असेल तर ज्यांच्याकडे जेवलात त्यांना फोन करा, बहुतेक एव्हाना परत पोचला असेल.

हिमालयाबद्दलची पत्रं जागेअभावी पुढच्या अंकात घेते. तोवर केदारकंठाला डिसेंबरात निघालेल्या ठाण्याच्या वाचकाला एवढंच: ते शिखर साडेबारा हजार फुटांवर आहे, वर डोकं दुखायला लागलं तर लीडरपासून लपवू नका, आणि गोळी घेऊन आणखी वर तर मुळीच चढू नका.